उपास मोडण्याचा हुकूम

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी आमच्या शेजारणीकडून फराळाचे ताट येते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. आमच्या दारात आकाशकंदील लागत नाही. पण ताट चुकले असे एकही वर्ष मला आठवत नाही. पूर्वी त्या ताटात सगळे एकत्र असे. अलीकडे दोन ताटे येतात. एकात चकल्या, शेव आणि चिवडा. "हे तुमचं आणि नातीचं." दुसऱ्यात करंज्या, लाडू, अनारसे. "हे बाकीच्यांचं." एवढे बजावून झाले, की दाराशी चपला पायांत सरकवता सरकवता तीच बाई आवाज खाली आणून म्हणते, "एक करंजी खाल्लीत तर काही होत नाही हो ताई. सणासुदीला देवसुद्धा माफ करतो."

देव माफ करतो, पण मशीन करत नाही! हे वाक्य माझे नव्हे, माझ्या नातीचे.

वाचकहो, या सदरात मी वर्षभर तुमच्याशी भांड्याकुंड्यांपासून व्याह्याविहिणींपर्यंत सगळे बोलत असते. पण आमच्या घरातला एक पाहुणा मी आजवर तुमच्यापासून लपवून ठेवला. तीन पिढ्या झाल्या, त्याचा मुक्काम हलत नाही. त्याचे नाव मधुमेह. आणि तो आला तोही अशा घरात, की जिथे देवाचे नाव घ्यायचे म्हटले तरी आधी काहीतरी गोड समोर लागते.

आमची माहिती ज्यांना नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावापाशी आमच्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. जे वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनावे झाली, बायका नऊवारी नेसू लागल्या, घरात मराठी बोलणे सुरू झाले ते आजही चालू आहे. आमचे सिनेगॉग ठाण्याला आहे, १८७९ सालचे. माझी आजी मात्र सिनेगॉग कधी म्हणाली नाही, ती 'मशीद'च म्हणे. जुन्या लोकांचा तोच शब्द.

आता गोडाचे ऐका. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो. त्या रात्री काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. द्राक्षाचा दारू नसलेला रस, असे समजा. नव्या वर्षाचा सण आला, की सफरचंदाची फोड मधात बुडवून खायची, वर्ष गोड जावे म्हणून. त्याच सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा. गहू भिजवून चीक काढायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून हात दुखेपर्यंत घोटायचे. (मांसाच्या जेवणाबरोबर गाईम्हशीचे दूध आम्हाला चालत नाही, म्हणून सारे काही नारळाच्या दुधात. कोकणात ही मोठीच सोय.) नवस फेडायचा असो, दुखण्यातून कोणी उठलेले असो, मुलाचे लग्न ठरलेले असो, एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा, वर खजूर आणि फळे. म्हणजे माणूस आजारातून बरा झाला, की त्याला पुन्हा आजारी पाडण्याची व्यवस्था! ही थट्टा माझ्या वडिलांची. त्यांना ती शोभत असे, कारण घरातले पहिले मधुमेही तेच.

बाबा रेल्वेत कारकून होते. चाळिशीच्या आत त्यांना हा आजार जडला. त्या काळी, म्हणजे १९६०च्या पुढेमागे, बोटाला टोचून आकडा सांगणारे यंत्र घरोघरी नव्हते. सकाळी उठले, की परीक्षानळीत पाच मिलीलीटर बेनेडिक्टचे निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी असे रंग चढत जायचे, आणि विटेसारखा लाल झाला की आईचा चेहरा उतरायचा. आम्ही भावंडे शाळेत जाण्यापूर्वी विचारायचो, "आज कुठला रंग?" हवामान विचारावे तसे.

पुढे गोळ्या पुरेनात, इन्शुलिन सुरू झाले. काचेची सिरिंज, जाड सुई, दोन्ही रोज उकळायची. बाटली माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पण आमच्या घरी खरी अडचण शनिवारची. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही. ज्यांनी शनिवारी घाणा फिरवला नाही त्यांच्या घरात शनिवारी स्टोव्ह पेटणार कसा? आजी ठाम होती. आईने यावर तोड काढली. शुक्रवारी दिवस मावळण्याच्या आत ती सिरिंज आणि सुया उकळून स्पिरिटमध्ये घालून स्टीलच्या डबीत ठेवी. शनिवारी पहाटे टोचायला तयार. सुई टोचण्यालाही आजीची कुरकुर होती, तेव्हा आमच्या हझानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींनी, तिला स्पष्ट सांगितले, "जीव वाचवायचा असेल तिथे शब्बाथ बाजूला सरतो. उद्यावर ढकललीत तर पाप."

दुसरा प्रश्न बाटलीतल्या औषधाचा. तेव्हाचे इन्शुलिन गुरांच्या नाहीतर डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आमच्या आजीला डुकराचा धसका, समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना गाईचा. दोघी एका दुपारी आमच्या ओट्यावर त्या इवल्याशा बाटलीभोवती बसल्या होत्या, प्रेताभोवती बसावे तशा! आमच्याकडे त्याचेही उत्तर जुनेच होते: मनाई आहे ती खाण्याला, टोचून घेण्याला नाही. समोरच्या काकूंचे समाधान कोणी केले ते मला कळले नाही. पण पुढे त्यांच्या यजमानांनाही तीच बाटली लागली आणि मग त्यांनी कधी विषय काढला नाही. १९८२पासून जिवाणूंकडून तयार करून घेतलेले, माणसाच्या इन्शुलिनसारखे इन्शुलिन मिळू लागले, आणि हा वाद हळूहळू विरून गेला.

इतके सारे निभावून नेले. अडले ते उपासाला.

आमचे महिने चंद्रावर चालतात, मध्ये अधिक महिनाही येतो. त्यामुळे आमचा नव्या वर्षाचा सण बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या सुमारास येतो आणि त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर. आमचे जुने लोक त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचे, जगाशी व्यवहार बंद. वर्षभराच्या चुकांची देवाजवळ क्षमा मागायची. आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याची खिचडी नाही, शेंगदाण्याचे लाडू नाहीत! तुमच्या उपासाची मी थट्टा करते आहे असे समजू नका. मला ती खिचडी फार आवडते.

१९६८ साली योम किप्पूर २ ऑक्टोबरला आला. गांधीजयंतीची सुट्टी, त्यामुळे बाबांना रजा टाकावी लागली नाही. मी चौदा वर्षांची होते. पहाटे आईने त्यांना नेहमीचे इन्शुलिन टोचले, आदल्या दिवशीच करून ठेवलेल्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी ताटात वाढून वर झाकण घातले, "खाऊन या" म्हणाली आणि आजीला घेऊन पुढे गेली. डॉक्टरांचे आणि हझानांचे दोघांचेही तसे सांगणे होते. बाबा आणि मी मागून निघालो. बाबा मला म्हणाले, "तू हो पुढे जिन्यापर्यंत, मी आलोच."

दुपारी तीनच्या सुमारास पुरुषांच्या बाजूला गडबड झाली. बाबा उभे होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. समोरच्या माणसाला ते रागारागाने गाड्यांच्या वेळा सांगत होते. तीन सत्तावीसची सुटली, आता पुढची नाही, तुम्ही फलाटावर असे उभे राहू नका. प्रथम काही लोक हसले. मग बाबा बाकावर वाकडे बसले आणि त्यांची मान कलली.

हझान प्रार्थना थांबवून खाली उतरले. सिनेगॉगच्या कपाटात मनुकांच्या सरबताची सुरई झाकून ठेवलेली होती, रात्री उपास सुटल्यावरच्या आशीर्वादासाठी. त्यांनी ती काढली आणि पंचवीस तास उपाशी असलेल्या, किंवा व्हायच्या बेतात असलेल्या, दीडशे माणसांसमोर स्वतःच्या हाताने बाबांच्या ओठांना लावली. घोट घोट. बाबांना गिळता येत होते हे नशीब. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचे नसते, हे मी आज जाता जाता तुम्हाला सांगून ठेवते. दहा-पंधरा मिनिटांत बाबांनी डोळे नीट उघडले आणि भोवती पाहिले. ते पाहणे मी विसरले नाही. जीव वाचल्याचा आनंद त्यात नव्हता. चोरी पकडल्यासारखे ते दिसत होते.

आजी रडू लागली, "देवाच्या दारात उपास मोडला हो!"

हझान म्हणाले, "आजी, उपास सकाळी मोडायचा हुकूम होता. तो यांनी पाळला नाही, एवढंच चुकलं."

घरी आलो तेव्हा ताट होते तसे होते. झाकणसुद्धा हलले नव्हते. आई त्या ताटाकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. ती बाबांना एक शब्द बोलली नाही, आणि तो न बोललेला शब्द आमच्या घरात कित्येक महिने फिरत होता.

हझानांचे म्हणणे त्यांच्या मनचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले. आमचा मिश्ना नावाचा धर्मनियमांचा संग्रह सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यात योम किप्पूरविषयीचे एक प्रकरण आहे. जाणकाराने सांगितले तर आजाऱ्याला त्या दिवशी खायला घालावे, असे तिथे आहे. आणखी एक नियम आहे, तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एखाद्याला भुकेचा झटका येऊन भोवळ आली तर त्याला समोर असेल ते, निषिद्ध असले तरी, डोळ्यांत तेज येईपर्यंत खायला द्यावे. पुढे तालमुदात त्यावर चर्चा करताना मध आणि गोड पदार्थ देण्याचाही उल्लेख येतो. इन्शुलिन नव्हते, मधुमेहाचे रोगी आजच्या अर्थाने ओळखले जात नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी साखर उतरलेला माणूस पाहिला होता असा दावा मी करणार नाही. पण बाबांचे डोळे मी पाहिले होते.

बाबा नंतरच्या प्रत्येक योम किप्पूरला जेवले. पण कसे? स्वयंपाकघराचे दार लोटून, भिंतीकडे तोंड करून. आम्ही मुले तिकडे फिरकत नसू. हुकूम त्यांनी मानला, पण गुन्हेगारासारखा. १९८३ साली ते गेले. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला.

या आजाराचे आणि आम्हा यहुद्यांचे नाते जुने आहे, आणि फारसे सुखाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतले काही डॉक्टर याला चक्क 'यहुद्यांचा रोग' म्हणत. यहुदी शहरात राहतात, बैठे काम करतात, घाबरट असतात, म्हणून त्यांना होतो, अशी कारणे दिली जात. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे १८८९ साली स्ट्रासबर्गला ज्या दोघांनी दाखवले त्यांतले एक, ऑस्कर मिंकोव्स्की, यहुदी घरातच जन्मलेले होते. त्या धाग्यावरून पुढे १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट इन्शुलिनपर्यंत पोचले. रोगाला आमचे नाव देणारे कुठे राहिले कोण जाणे.

आणि तो रक्तातच असतो म्हणावे, तर येमेनच्या यहुद्यांची गोष्ट पाहा. १९४९-५०मध्ये ते हजारोंनी विमानाने इस्राएलला आले. डॉ. ए. एम. कोहेन यांनी जेरुसलेमहून त्यांची पाहणी केली, १९६१ साली ती प्रसिद्ध झाली. नव्याने आलेल्यांत मधुमेह जवळजवळ नव्हताच. पण त्याच येमेनी लोकांपैकी जे पंचवीस-तीस वर्षे आधी येऊन स्थिरावले होते त्यांच्यात तो इतरांसारखाच बोकाळला होता. माणसे तीच, ताट बदलले. माझा थोरला भाऊ १९७४ साली अश्दोदला गेला. तो फोनवर म्हणतो, "इथं आपल्यातल्या प्रत्येक घरात एक तरी आहे." मी म्हणते, "इथं शेजारच्या प्रत्येक घरात आहे." यहुद्यांचा रोग आता सगळ्यांचा झाला.

आईने शुक्रवारी सुई उकळली तिचे मला कौतुक आहेच. पण शांघायच्या एव्हा साक्सल यांची गोष्ट वाचल्यापासून मी त्यांनाही मनोमन नमस्कार करते. हिटलरच्या भीतीने चेकोस्लोव्हाकियातून हे यहुदी जोडपे शांघायला पळाले. तिथे एव्हाबाईंना मधुमेह झाला. जपानी अंमल आला, औषधांची दुकाने बंद झाली. मग नवराबायकोने एका वैद्यकीय ग्रंथात दिलेल्या पद्धतीवरून, पाणम्हशींच्या स्वादुपिंडांपासून स्वतः इन्शुलिन तयार केले! सशांवर तपासले, मग स्वतःवर, मग इतर रोग्यांना दिले. युद्धातून त्या जगल्या आणि २००२ सालापर्यंत जगल्या. आणि आमच्याकडे औषधाच्या दुकानात इन्शुलिन संपले, उद्या या, असे ऐकले की सून डोके धरून बसते.

सुनेचे डोके धरणे अकारण नाही. माझ्या नातीला २०२२च्या पावसाळ्यात हा आजार झाला, नववे वर्ष चालू असताना. ती रात्री चार-चारदा उठे, माठ रिकामा करी, शाळेचा झगा अंगावर लोंबू लागला. आम्ही म्हटले उंची वाढते आहे. दवाखान्यात बोट टोचले तर यंत्रावर आकडाच उमटला नाही, इंग्रजीत 'हाय' अशी अक्षरे आली. आकडा यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला, की ते तसे दाखवते. पोर दमलेली होती तरी हसली, "आजी, मशीन मला हाय म्हणतंय." मला तिथेच रडू फुटले.

नातेवाइकांनी लगेच निकाल दिला. "आजीच्या हलव्याचे लाड!" तसे नसते. मुलांना होतो तो बहुधा पहिल्या प्रकारचा मधुमेह. त्यात शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. हलवा खाल्ला म्हणून नाही, नाही खाल्ला म्हणून टळत नाही. पण हे समजावताना मी अडखळत असे, कारण हलव्याचा चमचा तिच्या तोंडात घालणारी मीच होते.

आता ती पटाईत झाली आहे. दिवसाकाठी चार सुया, दंडाला चिकटवलेली एक चकती, ती साखर उतरली की किंचाळते. मलिदा पुढे आला की ही पोहे किती, गूळ किती, खजूर किती हे बोटांवर मोजते आणि तेवढे इन्शुलिन घेऊन मजेत खाते. मीच आपली तिच्या वाटीकडे पाहत बसते.

गेल्या वर्षी, २०२५ साली, योम किप्पूर पुन्हा २ ऑक्टोबरला आला. दसराही त्याच दिवशी. नातीला बारा वर्षे पुरी झाली होती. आमच्यात मुलगी बाराव्या वर्षी जाणती होते, धर्माचे नियम तिला लागू होतात, पुरा उपासही. महिनाभर आधीपासून तिचा घोषा सुरू झाला, "मी करणार. सगळ्या करतात." तिच्या बरोबरीच्या मुलींना करताना पाहून आपण डबा उघडायचा, हे तिला नको होते. मुलगा म्हणाला डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले. मोठी माणसे इन्शुलिनचे प्रमाण बदलून देखरेखीखाली कधी कधी करतात, म्हणाले, पण हिची साखर अजून झोका खेळते आहे, तेव्हा यंदा नाही. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीकडे! मला बाबा आठवले.

रात्री मी तिच्याशेजारी बसून १९६८ची गोष्ट सांगितली. ताट, झाकण, तीन सत्तावीसची गाडी, सुरई, सगळे. मिश्नातला नियम सांगितला. जाणकार 'खा' म्हणाला आणि रोगी 'नको' म्हणाला, तर आपण जाणकाराचे ऐकायचे असते हेही सांगितले. थोडे थोडे खाण्याची रीतही आहे: एका वेळी मोठ्या खजुराएवढ्याहून कमी, मग काही मिनिटे थांबून पुन्हा. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "मग आजी, तुझ्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय?"

"माझं निराळं आहे," मी म्हटले. "माझं म्हातारपणचं आहे."

वाचकहो, आता तुमच्याजवळ कबूल करते. मला २०१४पासून मधुमेह आहे. रोज ग्लिमेपिराइडची गोळी घेते. पोटात अन्न नसताना ही गोळी साखर फार खाली नेऊ शकते. म्हणून उपास करायचा नाही असे डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी बजावले होते. आणि मी दरवर्षी केला. आदल्या संध्याकाळच्या जेवणाबरोबर गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी गप्प बसायचे. गरगरले तर डोळे मिटून प्रार्थनेत रंगल्यासारखे दाखवायचे. घरात कोणाला पत्ता नाही. उपास सोडला तर आपण कुणी उरत नाही, असे काहीतरी वाटत असे. काय ते नेमके मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी दुपारी नातीची चकती किंचाळली. प्रार्थना अगदी शांत जागी आली होती. सगळ्या बायकांनी वळून पाहिले. पोरीचे कान लाल झाले. पण तिने डबी उघडली, ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळली, सरळ बसून प्यायली, वर काही मनुका खाल्ल्या. भिंतीकडे तोंड केले नाही. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. पुस्तकाचे पान माझ्या बोटांत येत नव्हते.

"आजी, बोट दे."

"अगं, प्रार्थना..."

"बोट दे."

आकडा आला अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेला की धोका, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ आहे. तिने माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती घाबरली होती. "तू मला सगळी गोष्ट सांगितलीस," एवढेच ती म्हणाली.

मी तिच्या हातचे ग्लुकोजचे पाणी प्यायले. सत्तावन्न वर्षांपूर्वीची सुरई, आणि आता ही प्लॅस्टिकची बाटली. तिने घड्याळ लावले, "पंधरा मिनिटांनी परत बघायचं." बाहेर रस्त्यावर दसऱ्याचे ढोल चालले होते. दुसऱ्या खेपेला आकडा ब्याण्णव आला, तेव्हा तिने पोळीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो मी सगळ्यांच्या देखत चावून खाल्ला. दोन-तीन मान वळवणाऱ्या होत्या, नाही असे नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या पदराला हात लावला. आमच्यातल्या ऐंशीच्या घरातल्या एक मावशी, उपासाच्या बाबतीत आम्हा सर्वांना धाक घालणाऱ्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या माझ्याशी नाही, नातीशी बोलल्या.

"पोरी, माझंही बघतेस का गं? तीन वर्षं झाली. सुनेला सांगू नकोस."

नातीने नवी सुई बसवली आणि त्यांचे बोट धरले. त्यांचाही आकडा खालीच होता. डबीतल्या उरलेल्या मनुका त्यांना गेल्या, पोळीही गेली. दिवेलागणीला शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले गेले, सरबतावर आशीर्वाद झाला, लोक एकमेकांना भेटू लागले. जाताना मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी डबा जरा मोठा आण," त्या म्हणाल्या.